सोलापूरच्या उन्हात पाइनचे लाकूड

सोलापुरातल्या कोणत्याही लाकडाच्या वखारीत आज गेले, तर सागवानाच्या आधी नजरेत भरते ती फिकट पिवळसर पाइनच्या फळ्यांची थप्पी. पलंगाची पाठ, दुकानातले रॅक, सोफ्याचा आतला सांगाडा, यंत्रांची खोकी, चादरी आणि टॉवेलांच्या गठ्ठ्यांखाली ठेवायचे पॅलेट अशा असंख्य कामांना हेच लाकूड लागते. तरीही त्याच्याविषयी आदराने बोलणारा माणूस विरळाच. ‘पाइन म्हणजे दोन वर्षांचे लाकूड’ असे गिऱ्हाईक सहज म्हणून जाते आणि मिस्त्रीही मान डोलावतात. आमच्या घरात लाकडाचा धंदा आहे आणि वनस्पतिशास्त्र हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून हे बोलणे मला मनापासून खटकते. जगात ज्या मोजक्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या, चिकाटीने संशोधन झाले त्यांत पाइन आणि त्याचे सूचिपर्णी भाऊबंद अगदी पुढे आहेत. पाइन आपल्याकडे टिकत नाही, याचे कारण बहुतेक वेळा लाकडात नसते. या संशोधनाने सांगितलेल्या साध्यासाध्या गोष्टी आपण पाळत नाही, हे त्याचे खरे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या बाजारात अनेक वर्षे जे पाइन आले, त्यात न्यूझीलंडच्या रेडिएटा पाइनचा वाटा मोठा आहे. हे झाड मूळचे न्यूझीलंडचे नाही. त्याची नैसर्गिक वस्ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन छोट्या पट्ट्यांत आणि मेक्सिकोच्या हद्दीतल्या दोन बेटांवर, एवढ्यापुरतीच आहे. तिथे ते वाऱ्याने वाकलेले, गाठाळ आणि लाकूड म्हणून फारसे कामाचे नसते. न्यूझीलंडमध्ये मात्र आज लागवडीखालच्या जंगलांपैकी सुमारे 90 टक्के जंगल या एकाच झाडाचे आहे. हा बदल आपोआप घडलेला नाही. 1950च्या दशकापासून तिथल्या संशोधकांनी हजारो झाडांतून सरळ बुंध्याची, बारीक फांद्यांची आणि जोमाने वाढणारी झाडे निवडली, त्यांची कलमे करून बियाण्यासाठी स्वतंत्र बागा उभारल्या आणि कोणत्या झाडाचा पराग कोणत्या झाडाला द्यायचा हे ठरवून पुढच्या पिढ्या तयार केल्या. रोटोरुआ येथे 1947 साली स्थापन झालेली वनसंशोधन संस्था या कामाचे केंद्र होती. ज्वारीच्या किंवा डाळिंबाच्या वाणांवर काम करणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही. फरक एवढाच, की इथे एका पिढीचा निकाल हाती यायला माणसाच्या नोकरीचा निम्मा काळ जातो. हे झाड 25 ते 30 वर्षांत तोडणीला येते. ज्याने निवड केली, त्याला त्या निवडीचे लाकूड रंधल्यावर कसे दिसते हे पाहायला मिळेलच, अशी खात्री नसते.

झाड इतक्या झपाट्याने वाढवण्याची एक किंमत मोजावी लागते आणि ती आपल्या वखारीत येऊन पोहोचते. पाइनच्या बुंध्यात मधोमध असलेल्या गराभोवतीची पहिली दहा-बारा वलये म्हणजे झाडाच्या बालपणीचे लाकूड असते. त्यातल्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे उभे न राहता बरेच तिरके मांडलेले असतात. एरवी लाकूड वाळताना रुंदीत आकसते आणि लांबीत जवळजवळ आकसतच नाही. या बालकाष्ठात मात्र धागे तिरके असल्यामुळे ते लांबीतही आकसते. फळीची एक कड बालकाष्ठाची आणि दुसरी प्रौढ लाकडाची असली, की एक कड आखडते, दुसरी तशीच राहते आणि फळी धनुष्याकार होते. झाड लवकर तोडले, तर बुंध्यात या लाकडाचे प्रमाण अर्थातच जास्त राहते. म्हणून आता केवळ वाढीचा वेग पाहून झाड निवडत नाहीत. उभ्या झाडात ध्वनिलहर किती वेगाने जाते हे मोजून लाकडाचा ताठपणा अजमावतात आणि त्यावरून बियाण्याची झाडे ठरवतात.

वखारीत हे ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. फळी उचलून तिचे टोक उजेडाकडे करावे. फिकट आणि गडद पट्ट्यांची वलये तिथे स्पष्ट दिसतात. फिकट भाग वसंतात भरभर वाढलेला असतो आणि गडद रेघ हंगामाच्या शेवटी सावकाश वाढलेल्या, जाड भिंतींच्या पेशींची असते. वलयांचा मध्यबिंदू, म्हणजे झाडाचा गर, त्या टोकातच दिसत असेल आणि भोवतीची वलये बोटभर रुंद असतील, तर ती फळी कपाटाच्या दाराला देऊ नये. तिची खोकी करावीत. ज्या टोकावर वलये जवळजवळ सरळ, दाट आणि एकमेकांना समांतर दिसतात, ती फळी चौकटीसाठी बाजूला काढावी. एवढी निवड केली, तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

उरलेल्या बऱ्याच तक्रारी आपल्या उन्हाच्या असतात. लाकूड हवेतला ओलावा सतत घेते आणि सोडते. भोवतालच्या हवेशी जुळेल इतके पाणी त्यात उरले, की ते स्थिरावते. भट्टीत वाळवून आलेल्या पाइनमध्ये साधारण 12 टक्के ओलावा असतो, असे धरू. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते, की लाकडातला ओलावा त्याहून बराच खाली उतरतो. या उतारात फळी रुंदीत आकसते. त्यातही वलयांच्या वळणाच्या दिशेने ती जितकी आकसते, त्याच्या साधारण निम्मीच गराकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. फळी पन्हळीसारखी वाकते ती या तफावतीमुळे. पुढे आषाढ-श्रावणात तीच फळी पुन्हा फुगते आणि ड्रॉवर अडकू लागतो. यावर उपाय जुनाच आहे. कामाला घेण्याआधी फळ्या सावलीत, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, चहूबाजूंनी वारा खेळेल अशा थप्पीत काही आठवडे मुरू द्याव्यात. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर थप्पीच फळ्यांना पीळ घालते. ट्रक उतरला, की त्याच दुपारी रंधा फिरवायचा, ही आपल्याकडची घाई पाइनला सोसत नाही.

आता वाळवीविषयी. आपल्या भागात वाळवी आहेच, आणि पाइनच्या रसकाष्ठात, म्हणजे सालीकडच्या फिकट लाकडात, तिला रोखणारे असे फारसे काही नसते. देवदार हाही सूचिपर्णी वृक्ष आहे, पण त्याच्या गाभ्यात सुगंधी तेल असते आणि त्यामुळे ते लाकूड कीड आणि कुज यांना दाद देत नाही. पाइनला ही ताकद बाहेरून द्यावी लागते. ती देण्याची जगभर सर्वाधिक वापरली गेलेली पद्धत भारतात शोधली गेली, हे सोलापूरच्या किती मिस्त्रींना ठाऊक असेल? डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे एक मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक किडीला रोखते आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात पक्के बसवते, त्यामुळे पावसाने ते धुऊन जात नाही. ‘ॲस्क्यू’ या नावाने ते बाजारात आले आणि पुढे अमेरिकेपासून न्यूझीलंडपर्यंत विजेचे खांब, कुंपणे, घरांचे वासे या सगळ्यांसाठी वापरले गेले. न्यूझीलंडचे पाइन जगाच्या बाजारात उभे राहिले, त्यात डेहराडूनच्या या शोधाचा हात मोठा आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

हे द्रावण ब्रशने लावायचे नसते. लाकूड बंद टाकीत ठेवून आधी आतली हवा खेचून घेतात आणि मग दाबाने द्रावण आत शिरवतात. सगळी सूचिपर्णी लाकडे मात्र ते सारखे पीत नाहीत. या झाडांचे लाकूड मुख्यतः लांबट, पोकळ अशा एकाच प्रकारच्या पेशींचे बनलेले असते. सागवानात जशा उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या नळ्या असतात, तशा इथे नसतात. पाणी एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाते ते भिंतीतल्या सूक्ष्म झडपांमधून. स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे लाकूड वाळताना या झडपा मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत, म्हणून स्प्रूसमध्ये द्रावण वरच्या थरातच अडकते. रेडिएटाचे रसकाष्ठ मात्र ते सहज शोषून घेते. वखारीत दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्या, तर रंगाने सारख्याच दिसतात आणि गिऱ्हाइकाला दोन्ही ‘पाइन’ म्हणून विकल्या जातात. न्हाणीघराच्या चौकटीला किंवा गच्चीवरच्या मांडवाला यांतली कोणती लागली, यावर तिचे आयुष्य ठरते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आर्सेनिकमुळे या द्रावणाच्या वापरावर अनेक देशांनी पुढे बंधने आणली. अमेरिकेत 2003च्या अखेरीनंतर घरगुती कामाच्या लाकडासाठी ते थांबवण्यात आले. घराच्या आतल्या, कोरड्या जागेतल्या कामाला बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया पुरेशी आणि माणसाला कितीतरी कमी धोक्याची असते. फक्त ते लाकूड पावसात ठेवता येत नाही, कारण बोरॉन पाण्याबरोबर निघून जाते. तांबे-आर्सेनिक प्रक्रियेचे लाकूड बहुधा हिरवट झाक मारते. खोक्यांचे आणि जुन्या कुंपणांचे तुकडे आपल्याकडे सर्रास जळण म्हणून विकले जातात, पाणी तापवायच्या बंबात जातात, बेकरीच्या भट्टीत जातात. हिरवट लाकूड जाळले, तर आर्सेनिक धुरात आणि राखेत येते. ती राख भांडी घासायला किंवा परसातल्या झाडांना वापरणे म्हणजे घरात विष आणणे होय. असा तुकडा कितीही स्वस्त मिळाला, तरी चुलीत घालू नये.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलांच्या कारखान्यांबाहेर पॅलेटची रास दिसते. त्यातल्या एखाद्या पॅलेटचा ठोकळा जवळून पाहावा. त्यावर डागणी दिलेली किंवा शाईने उमटवलेली एक चौकट असते. तिच्यात गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी ही अक्षरे असतात. एचटीचा अर्थ असा, की त्या लाकडाच्या अगदी गाभ्याचे तापमान 56 अंश सेल्सिअसवर सलग 30 मिनिटे ठेवलेले आहे. या शिक्क्यावाचून माल परदेशी बंदरात अडतो, हे निर्यात करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तो कोणत्या रोगामुळे आला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पाइनची जंगलेच्या जंगले वाळू लागली होती. हिरवीगार झाडे एका उन्हाळ्यात तांबडी पडत आणि मरत. कित्येक दशके दोष भुंगेऱ्यांवर टाकला जात होता. खरे कारण एक मिलिमीटरच्या आसपास लांबीचा सूत्रकृमी आहे, हे जपानी संशोधकांनी 1971 साली दाखवून दिले. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथली झाडे त्याच्यासोबत जगायला शिकलेली आहेत, जपानची झाडे नव्हती. लांब मिशांचे भुंगेरे कोवळ्या फांद्या कुरतडतात, तेव्हा त्यांच्या अंगावरून हा कृमी जखमेत उतरतो, लाकडात वाढतो आणि झाडाचा पाणी वर नेण्याचा मार्ग बंद पाडतो. 1999 साली तो पोर्तुगालमध्ये सापडला, तेव्हा युरोप हादरला. हे भुंगेरे आणि कृमी कच्च्या लाकडाच्या खोक्यांतून समुद्र ओलांडतात हे स्पष्ट झाल्यावर 2002 साली पॅकिंगच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरला. 56 अंश आणि 30 मिनिटे हे आकडे त्या नियमातले आहेत. सोलापुरी टॉवेलाखालच्या पॅलेटवरचा तो शिक्का दूरच्या एखाद्या डोंगरावरची जंगले वाचवतो. म्हणून खोटा शिक्का मारून पॅलेट विकणाऱ्याचे कृत्य मला निव्वळ कागदोपत्री लबाडी वाटत नाही, गुन्हा वाटतो.

पाइनच्या फळीवर कधी कधी निळसर-करडे पट्टे दिसतात आणि गिऱ्हाईक ती फळी सडकी म्हणून परत देते. ही रसकाष्ठात वाढणारी एक बुरशी असते. तिने रंग बिघडतो, मजबुतीवर मात्र फारसा परिणाम होत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990च्या दशकापासून सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा जो प्रचंड उद्रेक झाला, त्यात सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जंगल बाधित झाले, आणि ते भुंगेरे हीच निळी बुरशी सोबत नेत होते. पूर्वी कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य झाले आणि तो अंकुश गेला.

आपल्या हिमालयातला चीड पाइन लाकडापेक्षा राळेसाठी अधिक मोलाचा आहे. त्याच्या खोडातून पाझरणारा चिकट गंधाबिरोजा तापवून ऊर्ध्वपातन केले, की टर्पेंटाइन उडून निघते आणि मागे राळ उरते. रंग, व्हार्निश, कागद, साबण, चिकटवण्याची द्रव्ये या सगळ्यांत ती जाते. पूर्वी राळ काढण्यासाठी खोडात खोल खाच पाडत आणि ती वर्षानुवर्षे वाढवत नेत. त्यामुळे झाडे कमकुवत होऊन वाऱ्याने मोडत, शिवाय वणव्यात ती उघडी जखमच आधी पेट घेई. डेहराडूनच्या संस्थेने पुढे वरवरच्या, अरुंद तिरप्या चरांची पद्धत प्रचारात आणली. तीत साल तासून उथळ चर पाडतात आणि त्यावर सौम्य आम्लाचा फवारा मारतात, म्हणजे जखम लहान राहूनही स्राव चालू राहतो. वणव्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ऐन उन्हाळ्यात चीडाच्या वाळलेल्या सुयांचा जाड थर जमिनीवर साचतो. उत्तराखंडात त्याला पिरूल म्हणतात. एका ठिणगीने डोंगर पेटतो. चीड स्वतः जाड सालीमुळे तगून जातो, शेजारची ओक आणि बुरांसाची, म्हणजे डोंगरी ऱ्होडोडेंड्रॉनची, रोपे जातात. पिरूल गोळा करून त्यापासून वीज आणि ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटा, बनवण्याचे धोरण त्या राज्याने 2018 साली आणले. डोंगर-उतारावरून इतका हलका, पसरलेला माल खाली आणणे हीच त्यातली खरी अडचण आहे, आणि लाकडाची वाहतूक करणाऱ्याला ती लगेच समजते.

सूचिपर्णी वृक्षांच्या उपयोगाविषयी लिहिताना एका खानदेशी माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 साली नंदुरबारचा. अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासोबत काम करताना त्यांनी पॅसिफिक यू या सूचिपर्णी झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे द्रव्य वेगळे केले आणि 1971 साली त्याची रचना प्रसिद्ध केली. 1992 साली अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. साल काढली की झाड मरते, म्हणून पुढच्या संशोधकांनी युरोपीय यूच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून तेच औषध बनवण्याचा मार्ग काढला. पाने पुन्हा येतात, त्यामुळे झाड वाचले.

या झाडांनी आपल्या दुष्काळाचीही नोंद ठेवलेली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 1980च्या दशकापासून वृक्षवलयांचा अभ्यास चालतो. खोडाला न तोडता पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढतात, ती घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वलयाची रुंदी मोजतात. पश्चिम हिमालयातल्या देवदाराची वलये मार्च ते मे महिन्यांतला उन्हाळा आणि ओलावा चांगला दाखवतात. तापलेल्या, कोरड्या वसंतानंतरचे वलय अरुंद असते. आशियातल्या 300हून अधिक ठिकाणांच्या अशा नोंदी एकत्र करून 2010 साली मोसमी आशियाच्या जुन्या दुष्काळांचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात 1876 ते 1878चा महादुष्काळ ठळक उठून दिसतो. सोलापूर जिल्ह्याने त्या दुष्काळात काय भोगले, हे जुन्या घरांतून अजून सांगितले जाते. पर्जन्यमापकांच्या नोंदी जिथे नव्हत्या किंवा अपुऱ्या होत्या, त्या काळात मागे जायला ही झाडे उपयोगी पडतात. पुढच्या दुष्काळाची तयारी करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला या अभ्यासाचे महत्त्व कोणी वेगळे पटवून द्यायला नको.

इतके ऐकल्यावर लोक विचारतात, मग आपल्याकडे पाइन लावता येईल का? महाराष्ट्रात सूचिपर्णी वृक्ष कधी नव्हतेच असे नाही. नागपूरजवळच्या टाकळीला, लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या गाळाच्या थरांत, अशा झाडांच्या शंकूंचे जीवाश्म सापडले आहेत आणि बिरबल साहनी यांनी 1931 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पण तो काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आजच्या सोलापूरची चुनखडीयुक्त काळी माती पाइनला मानवत नाही. त्याला आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी असते. शिवाय पाइनच्या मुळांना ठरावीक बुरशींची साथ लागते. उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत पाइनची रोपे पिवळी पडून खुरटली आणि जुन्या पाइनच्या बुडाची माती आणून मिसळल्यावरच ती वाढली, असा अनुभव आहे. आपल्याकडे रस्त्याकडेला दिसणारे सुरूचे झाड पाइनसारखे वाटते, पण ते सपुष्प वनस्पतींपैकी आहे आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन बांधतात, म्हणून ते हलक्या जमिनीतही तगते.

माळरान मोकळे दिसते म्हणून तिथे काहीही लावावे, हा विचारही सोडावा लागेल. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ गवताचा आहे, माळढोकासाठी तो राखलेला आहे, आणि तिथे दाट झाडी उभी करणे म्हणजे त्या पक्ष्याचे घर मोडणे आहे. बांधावर, घराभोवती कडुनिंब, बाभूळ, बोर आहेतच. अंगणात सूचिपर्णी झाड हवेच असेल, तर मोरपंखी लावावी. ती खरी सूचिपर्णी आहे आणि आपल्याकडे चांगली तगते. फक्त पश्चिमेच्या भिंतीला चिकटून लावू नये, कारण दुपारच्या उन्हात भिंतीच्या झळीने त्या बाजूची पाने करपतात. बुडाशी पाणी साचू देऊ नये, आणि पहिले दोन उन्हाळे संध्याकाळी पाणी द्यावे.